लेकीच्या बाटलीचा रकाना

तपासनिसांना एकच खोड होती, आणि ती खोड आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. हातात काहीही आलं की ते उलटं करून मागचं वाचायचे. औषधाची पट्टी, दाढीचा साबण, काडेपेटी, काहीही. वाढदिवसाला कुणी भेट दिली तर देणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता खोक्याच्या बुडाकडे बघायचे, आणि "वजन छापलेलं दिसत नाही" असं म्हणून बिचाऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतायचे. सगळी नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात गेली होती. पुड्यावर जे छापलंय तेच पुड्यात आहे ना, एवढं बघायचं काम. इतरांना ते कंटाळवाणं वाटायचं. तपासनिसांना ते न्यायाधीशाच्या तोडीचं वाटायचं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी इमारतीत सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा म्हणायची.

आता अशा माणसाच्या पोटी मुलगी यावी आणि तिने बिनलेबलाची बाटली विकावी, याला नशीब म्हणतात. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

लेक सासरहून एक बॅग घेऊन परत आली होती. का आली, ते तिने आईला सांगितलं आणि आईने तपासनिसांना सांगितलं नाही, कारण त्यांनी दोन्ही बाजू तपासायला घेतल्या असत्या. मग तिने खालच्या रस्त्यावर एक गाळा भाड्याने घेऊन केस धुण्या-कापण्याचं दुकान काढायचं म्हटलं, तेव्हा घरात जो तमाशा झाला तो शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावताही ऐकला. आपली मुलगी लोकांची डोकी धुणार, या कल्पनेने तपासनीस भरल्या ताटावरून उठू लागले. त्यांची थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या, खास येऊन बसली आणि म्हणाली, की नवरा-बायकोत भांडणं होतातच, मुलीने मुकाट परत जावं. शेवटी तपासनिसांनी सगळ्यांना समोर बसवून निकाल दिला. वर्षभर दुकान चालवून दाखव. चाललं, तर परत जाण्याचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. बंद पडलं, तर आत्या स्वतः तुला पोचवायला येईल. हा निकाल अत्यंत उदार आहे असं त्यांचं मत होतं. लेकीने मान खाली घालून ऐकलं. वर बघून करणार काय होती, छप्पर त्यांचंच होतं.

ते थोडे नरमले ते बायकोच्या एका वाक्यामुळे. ती एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, की नुसती डोकी नाही हो धुणार ती, केस मऊ करायचं कंडिशनर आहे तिचं स्वतःचं, स्वतःच्या सूत्राने केलेलं. सूत्र. हा शब्द तपासनिसांच्या कानातून थेट काळजात गेला. दुसऱ्या दिवसापासून ते लोकांना सांगू लागले, की मुलीचं संशोधन चालू आहे, दुकान आपलं निमित्ताला.

आणि दुकान चाललं की. दोनच खुर्च्या, एक आरसा, मागे एक पडदा. पण बायका यायच्या, बसायच्या, बोलायच्या, आणि जाताना हिरव्या झाकणाची एक बाटली घेऊन जायच्या. भाडं निघत होतं ते त्या बाटलीवरच. वर्ष सरत आलं होतं आणि लेक घरात गुणगुणायला लागली होती. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? काही करत नाही. पेपर वाचतो.

पण आत्याबाईंचा फोन आला. त्यांची सून म्हणे कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं कंडिशनर वापरते, त्याच्यापुढे तुझ्या लेकीचं ते म्हणजे घरगुती पाणी आहे. तपासनिसांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि बायकोला सांगितलं की आता याचा शास्त्रशुद्ध निकाल लागला पाहिजे. तुलनात्मक तक्ता. बाजारातली झाडून सगळी कंडिशनरं एका बाजूला, लेकीचं एका बाजूला, आणि प्रत्येकातले घटक ओळीने खाली. बायकोच्या हातातून कणकेचा गोळा परातीत पडला. तिने विचारलं, कशाला? त्यांनी सांगितलं, सत्यासाठी. या शब्दानंतर त्या घरात आजवर काही चांगलं घडलेलं नव्हतं.

कंडिशनरं विकत आणणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून ते दारोदार फिरले. "आपल्याकडे न्हाणीघरात केसांची एखादी बाटली असेल तर जरा वाचायला हवी होती." एका साठीच्या गृहस्थाने, ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर गाठ पडण्याइतकेही केस नव्हते, संध्याकाळच्या वेळी दारात उभं राहून असं म्हणणं लोकांना चमत्कारिक वाटलं. खालच्या मजल्यावरच्या एका नव्या सुनेने तर दार लावून नवऱ्याला फोन केला. तरी पिशवीभर बाटल्या जमल्या. काही अर्ध्या, काही बूच नसलेल्या, एकीला कुणाचे तरी केस चिकटलेले. जेवणाच्या टेबलावर त्यांची रांग लागली आणि घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली.

सल्ला द्यायला मेजर आले. मेजर कधी सैन्यात नव्हते, विमा विकायचे. मिशा तेवढ्या सरहद्दीवरच्या होत्या. त्यांनी प्रत्येक बाटलीचा वास घेतला आणि जाहीर केलं, की माल सगळा एकच, फक्त बाटल्या वेगळ्या. तपासनीस म्हणाले, नाकाने निकाल द्यायचा असता तर सरकारने कारखान्यात कुत्रे नेमले असते. मेजर दुखावले, पण बसून राहिले, कारण चहा यायचा होता.

जसजसं वाचन पुढे गेलं तसतसा तपासनिसांना संताप चढू लागला. पहिला घटक, पाणी. दुसऱ्या बाटलीतही पहिला घटक, पाणी. सगळ्यांत महाग बाटलीतही पाणीच. जे जास्त ते आधी लिहायचं हा नियम त्यांना बिस्किटांपासून तोंडपाठ होता, म्हणजे लोक दुकानातून मुख्यतः पाणी उचलून आणत होते आणि ते पुन्हा पाण्याने धूत होते. दुसरा घटक सेटिल अल्कोहोल. ते ऐकून मेजर म्हणाले, तरीच आमची ही न्हाऊन आली की खुशीत असते. वरच्या मजल्यावरच्या रसायनाच्या निवृत्त बाईंना बोलावणं धाडलं. त्यांनी सांगितलं, की हे प्यायचं नव्हे, हे मेणासारखं असतं, त्याने दाटपणा येतो. त्याखालचं ते लांबलचक नाव, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, ते केसाला चिकटून बसतं आणि गुंता सोडवतं. खरं काम तेच करतं. आणि बाटलीवर समोर ज्या बदामांचा ढीग काढलाय तो बदाम मागच्या यादीत सगळ्यात खाली, सुगंधाच्याही खाली, अगदी शेपटाला.

"म्हणजे फसवणूक," तपासनीस म्हणाले.

"म्हणजे कंडिशनर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी टेबलाच्या टोकाला उभी असलेली हिरव्या झाकणाची बाटली उघडली, थोडं बोटावर घेऊन चोळलं, तपासनिसांच्या बायकोकडे बघितलं, झाकण लावलं आणि दूध उतू जाईल म्हणून निघून गेल्या. बाई दूध घेत नाहीत हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. तपासनीस त्या वेळी पट्टीने रेघ मारत होते.

तक्ता देखणा झाला. जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या बाजूवर, दोन रंगांत. प्रत्येक बाटलीला एक रकाना, वर नाव, खाली घटक. आणि अगदी उजवीकडे, सगळ्यांत रुंद, लेकीच्या बाटलीचा रकाना. तो कोरा. हिरव्या झाकणाच्या बाटलीला मागे काहीच नव्हतं. पुढे एक फूल होतं.

त्यांनी लेकीला विचारलं. ती दुकानातून दमून आली होती, पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, बाबा, सगळ्यांचं लिहा, माझं राहू द्या. तपासनीस म्हणाले, राहू द्या कसं, तक्ताच मुळी तुझ्यासाठी. ती म्हणाली, सूत्र कुणाला सांगायचं नसतं. हे त्यांना पटलं आणि तिचा अभिमानही वाटला, पण कोरा रकाना कोराच राहिला. जेवताना तो दिसायचा. दात घासताना दिसायचा. दुखरा दात असला की जीभ तिथेच जाते ना, तसं त्यांचं झालं.

बायकोने आपल्या परीने पुष्कळ केलं. बाटल्या परत करून टाकल्या. तक्ता कपाटाच्या फळीवर अंथरला आणि वर डाळींचे डबे ठेवले. त्यांनी डबे उतरवले. चष्मा सापडेना झाला. त्यांनी जुना काढला. तुम्हाला वाचायला दुसरं काही आणून देऊ का, म्हणाली. मुलीच्या पोटावर पाय देऊ नका, असंही एकदा म्हणाली, तर ते म्हणाले की मी तिच्या डोक्यावर मुकुट ठेवायला निघालोय आणि तुला पाय दिसतो. शेवटी एका दुपारी ती त्यांच्या शेजारी येऊन बसली, पदराशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका."

"सांग. पण आधी हे ऐक," असं म्हणून त्यांनी तक्ता वाचायला घेतला. पहिल्या रकान्यापासून. तो संपेपर्यंत ती ऐकत बसली, मग उठून स्वयंपाकघरात गेली. काय सांगायचं होतं ते विचारायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. संसार असाच चालतो, आणि चालतोय म्हणून आपण त्याला सुखाचा म्हणतो.

तर कोरा रकाना भरायचा एकच मार्ग उरला. सरकार.

ज्या ऑफिसात अशा मालाची तपासणी होते तिथे तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांना तिथे माहेरी गेल्यासारखं वाटलं. पण खिडकीवरच्या कारकुनाला तसं काही वाटलं नाही. नमुन्याची तपासणी करून हवी आहे असं सांगितल्यावर त्याने विचारलं, तुम्ही उत्पादक का? नाही. मग उत्पादकाला पाठवा. तपासनिसांना लेकीला काही कळू न देता प्रमाणपत्रच आणून द्यायचं होतं, मोठ्या शिक्क्याचं, चौकटीत बसेल असं. ते म्हणाले, दुसरा काही मार्ग?

"तक्रारदार असाल तर होईल. काय तक्रार आहे?"

"तक्रार कसली, कौतुक आहे."

कारकुनाने खरोखरच खण उघडून आत बघितलं. "कौतुकाचा अर्ज नाही आपल्याकडे," तो म्हणाला.

इथे कुणीही माणूस घरी आला असता. तपासनिसांनी विचार केला, की तपासणी ती तपासणी, दार कुठलं का असेना. त्यांनी तक्रारीचा अर्ज घेतला आणि बाकावर बसून वळणदार अक्षरात लिहिलं, की सदर दुकानात विकल्या जाणाऱ्या केसांच्या उत्पादनावर घटकांची यादी छापलेली नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तरी आत नेमकं काय आहे याची शहानिशा व्हावी. प्रत्येक शब्द खरा होता. दुकानाचा पत्ता लिहिला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची खूणसुद्धा लिहिली, म्हणजे कुणाची शोधाशोध नको. नात्याचा रकाना त्या अर्जात नव्हता, आणि नसलेला रकाना भरणाऱ्यांपैकी ते नव्हते.

मग सोपस्कार सुरू झाले. नमुना बिलासकट हवा. लेक कधी बिल करत नसे. मेजरांच्या बायकोला पाठवलं. तिने बिल मागितल्यावर लेक हसली आणि वहीचं पान फाडून, खाली सही ठोकून दिलं. नमुना सीलबंद हवा. तपासनिसांनी घरी मेणबत्तीवर लाख वितळवून बाटली सील केली, बोट भाजून घेतलं, आणि ऑफिसात नेली तर सील आमच्यासमोर करायला हवं होतं म्हणाले. पुन्हा बाटली, पुन्हा बिल. मेजरांच्या बायकोचे केस एव्हाना रेशमासारखे झाले असावेत असा लेकीचा समज झाला. एका खिडकीवर शिक्का होता पण शाई नव्हती, दुसऱ्या खिडकीवर शाई होती पण साहेब जेवायला गेले होते. तपासनीस कशालाही वैतागले नाहीत. नोकरी संपल्यापासून इतकं महत्त्व त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

अर्ज आत गेला तसं त्यांनी इमारतभर सांगून टाकलं, की सरकारी तपासणी चालू आहे, लवकरच कळेल. आत्याबाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, वर्ष संपतंय ना रविवारी, मी येतेच आहे, त्या वेळी दाखव. फक्त जिचं दुकान होतं तिला आणि तिच्या आईला त्यांनी सांगितलं नाही, कारण मग गंमत गेली असती.

शुक्रवारी सकाळी त्या ऑफिसातून एक बाई आल्या. निरीक्षक म्हणून गळ्यात ओळखपत्र, खांद्याला जड पिशवी, बरोबर एक शिपाई. तपासनीस रोजच्यासारखे दुकानाच्या पायरीशी उभे होते, आणि मेजर व आणखी चार शेजारी चहा झाल्यावर असेच खाली आलेले होते. "या, या, आम्ही वाटच बघत होतो," तपासनीस म्हणाले. निरीक्षक बाईंचं असं स्वागत बहुधा आयुष्यात कधी झालं नसावं. त्या दचकल्याच.

आत एका खुर्चीत ओल्या केसांची एक गिऱ्हाईक बसली होती. लेकीचे हात तिच्या केसांत होते. तपासनिसांची बायको डबा द्यायला आलेली, ती तशीच उभी राहिली. निरीक्षक बाईंनी स्वतःची ओळख सांगितली आणि विचारलं, बाटल्या भरायचा परवाना कुठे आहे? लेकीने हात पुसले. परवाना नव्हता. मग त्यांनी पडदा बाजूला केला.

पडद्यामागे प्लास्टिकचे मोठे कॅन होते, घाऊक बाजारात मिळतात तसे. शेजारी रिकाम्या बाटल्या, हिरवी झाकणं, अत्तराची एक कुपी आणि घरातून गेलेलं नरसाळं. कुणी काही बोलायच्या आत तपासनीस पुढे झाले. खोड ती खोड. त्यांनी वाकून एक कॅन फिरवला आणि मागचं वाचू लागले. पाणी. सेटिल अल्कोहोल. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड. मोठ्याने वाचत होते, वर्गात वाचतात तसं. मध्येच त्यांचा आवाज खाली आला, कारण हा रकाना त्यांना पाठ होता. तक्त्यातल्या सगळ्यांत स्वस्त बाटलीचा रकाना होता तो, ओळीला ओळ, शेवटच्या रंगासकट.

निरीक्षक बाई म्हणाल्या, प्रयोगशाळेचंही तेच म्हणणं आहे, वर फक्त वास घातलाय.

"सूत्र?" तपासनीस म्हणाले. हे त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही.

उत्तर बायकोने दिलं. आवाज चढवून नाही, भाजी निवडताना बोलतात तशा आवाजात. तुम्हाला सूत्र हवं होतं म्हणून मी सूत्र केलं, ती म्हणाली. लेक डोकी धुते हे तुमच्या घशाखाली उतरत नव्हतं, ताटावरून उठत होतात, तिचं तोंड बघत नव्हतात. मी एक शब्द बोलले आणि तुम्ही जेवायला लागलात. मग बाटल्या भराव्या लागल्या. ओल्या केसांची गिऱ्हाईक खुर्चीतूनच म्हणाली, की त्यात लपवण्यासारखं काय आहे, आम्हाला ठाऊकच होतं, आम्ही हिच्यासाठी येतो. पायरीवरून मेजर म्हणाले की नाकाने मी आधीच सांगितलं होतं. म्हणजे अख्ख्या रस्त्यात एकट्या तपासनिसांनाच माहीत नव्हतं. हे त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

निरीक्षक बाईंनी अर्ज काढून तक्रारदाराचं नाव वाचलं. तपासनीस म्हणाले, मीच. लेकीने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. तिला आधी वाटलं होतं की कुणी दुकानवाल्याने कळ लावली असेल.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दुकान बघितलं, दोन खुर्च्या बघितल्या, बापलेकीची नाकं बघितली, ती एकाच साच्यातली होती. मग त्या सावकाश बोलू लागल्या, जसं काही सगळ्यांनाच उद्देशून. आमच्याकडे निम्म्या तक्रारी घरातल्याच असतात. जावा असतात, नणंदा असतात. तक्रारदार जवळच्या नात्यातला निघाला, आणि तक्रार निराधार होती असं त्याने लिहून दिलं, तर आम्ही फाईल जागेवर बंद करतो. बाटल्या तेवढ्या थांबवायच्या, परवान्याचा अर्ज करायचा. दुकान चालू राहतं. तसं नसेल तर आजच सील लागतं, आणि ते निघायला किती महिने जातील ते मी सांगू शकत नाही. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढून तपासनिसांच्या पुढे धरला, वर पेन ठेवलं.

तपासनिसांनी कागद वाचला. "'निराधार' लिहिलंय इथे," ते म्हणाले.

"हो."

"पण तक्रार निराधार नाही. यादी छापलेली नव्हती हे खरं आहे. परवाना नव्हता हे खरं आहे. आता तर सिद्धच झालंय."

बाई म्हणाल्या, तक्रार खरी की खोटी हा प्रश्न नाही, प्रश्न नात्याचा आहे. तपासनीस म्हणाले, माझ्यापुरता प्रश्न तक्रारीचाच आहे. उभ्या नोकरीत मी खोट्या कागदावर सही केलेली नाही, साहेबांनी धमकावलं तरी केली नाही, पुडे परत पाठवले. 'गैरसमजातून' असं काही घालता येईल का? येणार नाही, मजकूर छापील आहे. मग 'निराधार' खोडून वर बारीक अक्षरात? तेही नाही. बायकोने त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. त्यांचं तोंड लाल झालं होतं. इतके दिवस सगळ्यांनी मिळून आपल्याला मूर्ख ठेवलं, आणि आता वर आपणच खोटे होतो असंही लिहून द्यायचं, हे त्यांना झेपेना. तक्ता तरी बरोबर होता. तेवढं एकच त्यांच्याजवळ उरलं होतं आणि ते सोडायला ते तयार नव्हते.

लेक जवळ आली. हात अजून ओले होते. ती अगदी हळू बोलली, पण दुकान लहान होतं.

"बाबा, सही करा. रविवारी आत्या येणार आहे. हे बंद झालं तर मला कुठे पाठवाल ते तुम्हीच ठरवलंय. मी तिथे परत गेले तर जगणार नाही, हे आईला विचारा. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

निरीक्षक बाई पेनाच्या टोपणाकडे बघत होत्या. त्यांनी काही ऐकलं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

आता इथे तपासनिसांनी सही केली असती तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचायला घेतला. खरं तर ते करणार होते. निदान पुढे त्यांनी स्वतःला तसंच सांगितलं. फक्त थोडा वेळ हवा होता, कुणीतरी म्हणायला हवं होतं की तपासनीस, तुमचं बरोबर आहे, पण मुलीसाठी करा. एवढं वाक्य कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. ते वाट बघत राहिले आणि कागद हातात तसाच राहिला.

लेक मागे सरली.

निरीक्षक बाई लेकीकडे वळल्या. "मला नियमाने विचारावं लागतं. तक्रारदाराशी तुमचं काही नातं आहे का?"

"नाही," लेक म्हणाली.

"नीट विचार करून सांगा."

"मी यांना ओळखत नाही."

बायको डबा मांडीवर घेऊन रिकाम्या खुर्चीत बसली. बाईंनी लेकीकडे बघितलं, तपासनिसांकडे बघितलं, आणि जे सांगितलं ते लिहून घेतलं. तपासनीस काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या हातातला कागद शिपायाने काढून घेतला.

ओल्या केसांच्या बाईला टॉवेल गुंडाळून बाहेर काढलं. कॅन बाहेर आले, मोजले गेले. लेकीने स्वतःच कात्र्या पुसून पेटीत ठेवल्या, आरशावर फडकं टाकलं, दिवा मालवला. शटर खाली आलं. शिपायाने कुलपावर कापड बांधलं, लाख लावली, आणि पंचनाम्याचा कागद पुढे केला. दोन तिऱ्हाईत साक्षीदार हवे होते. इस्त्रीवाल्याने एक सही केली. बाईंनी पायरीकडे बघितलं, तर पायरी रिकामी होती. मेजरांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं होतं, बाकीच्यांना मेजर आठवले होते. लेक आणि तिची आई कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. लेकीच्या हातात पेटी होती आणि ती मागे बघत नव्हती.

"तुम्ही करा मग," निरीक्षक बाई तपासनिसांना म्हणाल्या. "तुम्ही तर त्यांचे कुणी नाही."

तक्रारदाराला साक्षीदार होता येतं का, असं त्यांनी विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, मनाई नाही. मग त्यांनी कागद शटरला टेकवला आणि सवयीप्रमाणे आधी वाचला. मी सदर दुकानाशी अथवा दुकानदाराशी कोणत्याही नात्याने संबंधित नाही, माझ्यासमोर दुकान बंद करण्यात आले. त्यांनी तो दोनदा वाचला. खोडण्यासारखा एकही शब्द सापडला नाही, तेव्हा त्यांनी सही केली.